चिंताविकाराची औषधं : सावधगिरी कुठे, विश्वास कुठे

(एका स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमता, त्यांनी या गावात आयुष्यभर जनरल प्रॅक्टिस केली. मनाच्या आजारांचा वेगळा डॉक्टर असतो, हे जिल्ह्याच्या ठिकाणीही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, असा तो काळ. रात्री-अपरात्री ‘डॉक्टर, जीव घाबरा होतोय’ म्हणत दार ठोठावणाऱ्या माणसाला तपासायचे ते हेच. म्हणून आज मी विषय निवडला तो चिंताविकारांवरच्या औषधांचा.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. चिंताविकारावर आज मुख्यतः दोन तऱ्हेची औषधं दिली जातात. पहिलं तासाभरात आराम देतं, आणि काही आठवडे रोज घेतलं तर शरीराला त्याची सवय लागू शकते. दुसऱ्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पण ते आजारच आटोक्यात आणतं आणि त्याची नशा लागत नाही. आपल्या घराघरांत पहिलं औषध बिनधास्त घेतलं जातं आणि दुसऱ्याला लोक घाबरतात. माझ्या समोर बसलेले कितीतरी रुग्ण म्हणतात, ‘ती डोक्याची औषधं नकोत, सवय लागेल. झोपेची अर्धी गोळी घेतो, तेवढी चालते.’ त्यांची भीती खरी असते, फक्त ती चुकीच्या औषधाला चिकटलेली असते. ती योग्य जागी लावणं, एवढंच आजच्या बोलण्यामागचं प्रयोजन आहे.

आधी आजाराविषयी थोडं. निकालाच्या आदल्या रात्री झोप न लागणं, मुलगी उशिरापर्यंत घरी आली नाही म्हणून दारात येरझारा घालणं, पाऊस लांबला की पेरणीच्या काळजीनं पोटात गोळा येणं, याला औषध नको. ही चिंता माणसाला जपते. कारण गेलं तरी चिंता जात नाही, महिनोन्‌महिने राहते, आणि तिच्यामुळे माणूस नोकरी, बाजार, लग्नकार्य, एसटीचा प्रवास टाळू लागतो, तेव्हा तो आजार होतो. त्याची रूपं अनेक आहेत. कुणाला सगळ्याच गोष्टींची अखंड काळजी लागून राहते. कुणाला चार माणसांत बोलायची इतकी भीती वाटते की बढती नाकारावीशी वाटते. कुणाला भीतीचे झटके येतात, ज्यांना आपण आता सर्रास पॅनिक अटॅक म्हणतो. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, दरदरून घाम फुटतो आणि ‘आता मी जाणार’ अशी खात्री होते. काही मिनिटांत झटका शिगेला पोचतो आणि ओसरतो. पण पुढचा कधी येईल, या धास्तीत माणूस घराबाहेर पडेनासा होतो.

अशा माणसाचा कार्डिओग्राम निघतो, टू-डी इको होतो, थायरॉइड तपासलं जातं. ते करायलाच हवं, कारण हृदयाचा आणि थायरॉइडचा आजार अशाच लक्षणांनी येऊ शकतो. सगळं नॉर्मल आलं की मात्र त्याला सांगितलं जातं, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ त्याला तर काहीतरी नक्की होत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०१९ साली जगात ३० कोटींहून अधिक लोकांना चिंताविकार होता. भारतापुरता २०१७ चा अंदाज साडेचार कोटींच्या आसपास आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की या प्रकारच्या आजारांच्या शंभर रुग्णांपैकी ऐंशीहून अधिक उपचारांविना राहतात.

आता औषधांचा इतिहास पाहू. तो पाहिल्याशिवाय सावधगिरी कुठे हवी ते कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘नसा शांत’ करायला ब्रोमाइड दिलं जायचं. ते शरीरात साचायचं. अंगावर पुरळ यायचं, माणूस भ्रमिष्टासारखा व्हायचा. १९०३ मध्ये जर्मनीत एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी पहिलं झोप आणणारं बार्बिट्युरेट पुढे आणलं. ही औषधं गुणकारी होती, पण उपयोगाचा डोस आणि जीव घेणारा डोस यांत अंतर थोडं होतं, आणि सवय पक्की लागायची. १९५५ मध्ये अमेरिकेत फ्रँक बर्गर यांच्या संशोधनातून निघालेलं मेप्रोबामेट बाजारात आलं. त्याला इतकी मागणी आली की दुकानांवर ‘माल संपला’ अशा पाट्या लागल्या. सवय लागत नाही, असं समजून ते दिलं गेलं. काही वर्षांत उलगडलं की सवय लागते.

या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधा आपल्याकडे वेड, निद्रानाश यांवर पूर्वापार वापरात होती. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा तिचा अनुभव मांडला, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझरपिन वेगळं काढलं गेलं, आणि दोनच वर्षांत न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. डॉ. वकील यांना १९५७ चं लास्कर पारितोषिक मिळालं. पुढे रेझरपिन मनोविकारांतून मागे पडलं, पण मनाच्या अवस्थेवर रसायनानं परिणाम होतो, हा विश्वास पक्का करणाऱ्या पहिल्या औषधांत त्याची गणना होते.

आज आपण ज्यांना ‘झोपेची गोळी’ म्हणतो, त्या बेन्झोडायझेपिन कुळाचा जनक लिओ स्टर्नबाख. हा ज्यू रसायनशास्त्रज्ञ पोलंडमध्ये शिकला आणि महायुद्धात युरोप सोडून अमेरिकेत आला. न्यू जर्सीतल्या रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यानं काही संयुगं तयार केली होती. ती निरुपयोगी ठरली आणि काम थांबलं. १९५७ मध्ये प्रयोगशाळा आवरताना एका सहकाऱ्याला त्यांतलं तपासायचं राहून गेलेलं एक संयुग सापडलं. ते प्राण्यांना दिल्यावर ते शांत झाले, पण बेशुद्ध पडले नाहीत. १९६० मध्ये ते, म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड, लिब्रियम नावानं विक्रीला आलं, आणि १९६३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ, व्हॅलियम म्हणजे डायझेपाम. बार्बिट्युरेटपेक्षा ही औषधं कितीतरी सुरक्षित होती. एकट्या डायझेपामनं सहसा कुणी दगावत नव्हतं. एका दशकाहून अधिक काळ ते अमेरिकेतलं सर्वाधिक खपणारं औषध होतं. १९७८ मध्ये तिथे त्याच्या सुमारे २३० कोटी गोळ्या विकल्या गेल्या.

हे औषध काय करतं? आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे. चेतापेशींचा अतिरेकी दंगा आवरणं हे त्याचं काम. बेन्झोडायझेपिन त्याच कामाला जोर देतं. म्हणून तासाभरात छातीची धडधड कमी होते, स्नायू सैलावतात, झोप येते. पण गोळी रोज मिळत राहिली की मेंदू स्वतःचा वाटा कमी करतो. घरात रोज दुसरं कुणी पाणी भरू लागलं, की आपला हंडा उचलायचा सराव सुटतो, तसंच हे. मग गोळी अचानक बंद केली की चिंता पूर्वीपेक्षा मोठी होऊन परतते. झोप उडते, हात कापतात, आवाज आणि उजेड सोसवत नाही. जास्त डोस बराच काळ घेतलेल्या माणसाला फिट येऊ शकते. याच कुळातली अल्प्राझोलामसारखी गोळी शरीरातून लवकर बाहेर पडते, त्यामुळे तिची ओढ लवकर जाणवते. डायझेपाम सावकाश बाहेर पडतं, म्हणून सवय सोडवताना डॉक्टर पुष्कळदा त्याचा आधार घेतात.

हे सगळं कळायला वीस-पंचवीस वर्षं लागली. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला प्रा. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात खास या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनं सांगितलं की ही औषधं फक्त तीव्र, त्रासदायक चिंतेसाठी आणि दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२० मध्ये सवयीचा इशारा सर्वांत ठळक चौकटीत छापणं बंधनकारक केलं. वयस्कर माणसांत तर ही गोळी तोल घालवते. रात्री बाथरूमला उठताना पडून खुब्याचं हाड मोडतं, स्मरणशक्ती मंदावते आणि घरचे म्हणतात, वय झालं. दारूबरोबर किंवा अफूच्या जातीच्या वेदनाशामकांबरोबर ही गोळी श्वास मंदावू शकते. हे मिश्रण जीवघेणं आहे.

एक बाई माझ्याकडे यायच्या. निवृत्त शिक्षिका. नवऱ्याच्या आजारपणात कधीतरी कुणीतरी त्यांना रात्रीची एक गोळी लिहून दिली होती. नवरा गेला, मुलं परगावी गेली, चिठ्ठीचा कागद घडीवर फाटला, तरी गोळी चालूच होती. आपण औषध घेतो, असंही त्यांना वाटत नव्हतं. चहा-साखरेसारखी ती महिन्याच्या यादीत होती. एकदा दुकानात ती मिळाली नाही आणि चार दिवसांत त्यांची अवस्था अशी झाली की घरच्यांना वाटलं, वेड लागलं. त्यांना वेड लागलं नव्हतं. शरीर रोजचं औषध मागत होतं. गोळी परत सुरू करून, डोस अगदी थोडाथोडा उतरवत, अनेक महिन्यांनी त्या मोकळ्या झाल्या. मधल्या काळात त्यांना हवं होतं ते दुसरं औषध आणि कुणाशी तरी मनमोकळं बोलणं. ते दोन्ही आधीच मिळायला हवं होतं.

आता दुसऱ्या औषधाकडे येऊ. याची सुरुवातही एका निरीक्षणातून झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड क्लाइन यांनी भीतीचे झटके येणाऱ्या रुग्णांना इमिप्रामिन दिलं. हे नैराश्यावरचं नवं औषध होतं. काही आठवड्यांनी रुग्ण म्हणाले, फरक नाही. पण वॉर्डातल्या परिचारिकांनी वेगळंच सांगितलं : ‘मी मरतोय’ म्हणत दिवसातून कितीदा तरी आमच्या खोलीकडे धावत येणारा माणूस आता येत नाही. झटके थांबले होते. झटक्याची धास्ती अजून शिल्लक होती, म्हणून रुग्णाला बरं वाटत नव्हतं. या निरीक्षणातून भीतीचा झटका आणि सततची चिंता यांतला भेद स्पष्ट झाला, आणि १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणात पॅनिक हा स्वतंत्र आजार मानला गेला. रुग्णाच्या वागण्यातला बदल आधी परिचारिकांच्या लक्षात आला, यातून घरच्यांनीही शिकण्यासारखं आहे. औषध लागू पडतंय का, हे पुष्कळदा रुग्णाच्या आधी बायकोला, आईला, मुलाला दिसतं.

इमिप्रामिनच्या कुळातल्या औषधांनी तोंड कोरडं पडायचं, बद्धकोष्ठ व्हायचं, आणि जास्त घेतल्यास हृदयाला धोका होता. १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली, आणि त्याच्या मागोमाग सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एसिटॅलोप्राम आली. ही सगळी सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतात. व्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन ही याच अंगानं जाणारी. आज बहुतेक चिंताविकारांत सुरुवात यांच्यापासून होते. सेरोटोनिन वाढणं तर पहिल्या दिवसापासूनच होतं, पण गुण काही आठवड्यांनी येतो. म्हणजे मेंदू हळूहळू स्वतःची घडी बदलतो, असं मानलं जातं. फक्त ‘रसायन कमी पडलं होतं, ते भरून काढलं’ इतकं हे सोपं नाही.

या औषधांबद्दल चार गोष्टी रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हव्यात. न सांगितल्यामुळे निम्मे लोक आठवड्यात औषध सोडतात, असं माझं निरीक्षण आहे. पहिली : सुरुवातीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी आणि कधी कधी उलट अस्वस्थता वाढते. म्हणून डोस लहान ठेवून सुरुवात करायची. दुसरी : परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण दिसायला त्याहून जास्त लागतात. तिसरी : बरं वाटल्यावरही औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायचं आणि मग हळूहळू उतरवायचं. चौथी : कामेच्छेवर परिणाम होऊ शकतो. आपल्याकडे हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. संसारात मात्र त्यावरून कटुता येते. डोस बदलून, औषध बदलून मार्ग निघतो, तेव्हा बोला.

सावधगिरी इथेही लागते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत उपचाराच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेत २००४ पासून मुलांसाठी आणि २००७ पासून तरुणांसाठीही तसा इशारा आहे. त्या दिवसांत घरच्यांनी जवळ राहावं. अ‍ॅस्पिरिन किंवा अंगदुखीच्या गोळ्या या औषधांबरोबर रोज घेणाऱ्यांत रक्तस्रावाची शक्यता वाढते. गरोदरपणात औषध घ्यावं की नाही, हा निर्णय डॉक्टरांबरोबर, दोन्ही बाजूंचे धोके तोलून घ्यायचा असतो. स्वतःहून बंद करायचं नसतं. एकदम सोडल्यास चक्कर, चिडचिड, अंगात विजेसारखे झटके असा त्रास होतो, आणि काहींना तो बराच होतो. पण या औषधात नशा नाही, डोस वाढवत नेण्याची ओढ नाही. म्हणून त्याला व्यसन म्हणणं चूक आहे. सगळ्यांना त्याचा गुण येतो असंही नाही. पहिलं लागू पडलं नाही तर दुसरं द्यावं लागतं. तरीही घराबाहेर पडणं बंद झालेली माणसं पुन्हा कामावर जाताना मी पाहिली आहेत, आणि त्या बळावर आज तुमच्यापुढे उभा आहे.

मधली काही औषधं थोडक्यात. प्रोप्रॅनोलोल हे हृदयाचं औषध. ते धडधड आणि हातांची थरथर आवरतं, म्हणून व्यासपीठावर जाण्यापूर्वी काहीजण घेतात. दमा असणाऱ्यांनी ते मुळीच घेऊ नये. बुस्पिरोन सततच्या चिंतेवर उपयोगी आहे आणि त्याची सवय लागत नाही, पण झटक्यांवर ते चालत नाही. प्रीगॅबालिनला युरोपात या आजारासाठी मान्यता आहे, पण त्याचाही गैरवापर होतो.

आता आपल्या दारातली गोष्ट. भारतात एसिटॅलोप्राम आणि बेन्झोडायझेपिन कुळातलं क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकलं जातं. डॉक्टरला लिहायला सोपं, रुग्णाला घ्यायला सोपं. पण यात लांब चालणारं आणि लवकर थांबवायचं अशी दोन औषधं एकत्र बांधली आहेत. क्लोनाझेपाम तीन आठवड्यांनी उतरवायचं म्हटलं, तर एसिटॅलोप्रामही तुटतं. एसिटॅलोप्राम वर्षभर चालवायचं म्हटलं, तर क्लोनाझेपामही वर्षभर पोटात जातं. रुग्णाला तर ठाऊकच नसतं की आपण दोन औषधं घेतोय. गरज असेल तर दोन औषधं दोन गोळ्यांत लिहावीत, क्लोनाझेपामच्या पुढे थांबवण्याची तारीख लिहावी, असं माझं माझ्या व्यवसायबंधूंना कळकळीचं सांगणं आहे.

कायदा आपल्या बाजूनं आहे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या, औषध नियमांतल्या एच-वन परिशिष्टात अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोल्पिडेम ही औषधं आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत; मेडिकलवाल्यानं डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. ‘ओळखीचे आहेत, कशाला विचारायचं’ म्हणून जुन्या चिठ्ठीवर दिलेली स्ट्रिप, ही त्या ओळखीच्या माणसावर केलेली मेहेरबानी नव्हे. शेजारच्या तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम मिसळलं जातं, आणि ताडी बंद झाली की लोक फिट येऊन रुग्णालयात पोचतात. हे औषध शरीराला किती घट्ट धरतं, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

गोळीबरोबर मनाचं कामही हवं. चुकीच्या विचारांना प्रश्न विचारणं आणि टाळलेल्या गोष्टींना पायरी-पायरीनं सामोरं जाणं, या उपचाराचा चिंताविकारात भक्कम उपयोग सिद्ध झाला आहे, आणि औषध बंद झाल्यावरही त्याचा गुण टिकतो. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, ती या कामासाठी आजही आपल्या हाताशी आहे. एसटीच्या भीतीवर मात करायची, तर एसटीत बसावं लागतं. दर वेळी गोळी घेऊनच बसलो, तर मन शिकतं की गोळीनं वाचवलं. एकट्यानं बसून सुखरूप उतरलो, की मन शिकतं की धोका नव्हता.

शेवटी चार विनंत्या. ज्यांना त्रास आहे त्यांना : डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. यातली सवय लावणारी गोळी कोणती? ती किती दिवस घ्यायची? आणि औषध थांबवायची वेळ आली की कसं उतरवायचं? जे बरीच वर्षं झोपेची गोळी घेताहेत त्यांना : आज घरी जाऊन ती फेकून देऊ नका. एकदम बंद करणं धोक्याचं आहे. डॉक्टरांकडे जा, सावकाश उतरवा, सुटते. घरच्यांना : ‘मन घट्ट कर’ म्हणण्याऐवजी त्याच्याबरोबर तपासणीला जा. जिथे मनोविकारतज्ज्ञ नाही तिथे १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा फोन चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि गावातल्या डॉक्टरांना, औषधविक्रेत्यांना : झटपट आराम देणारी गोळी मोजून द्या, आणि आजार बरा करणारं औषध समजावून द्या. ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, ते रुग्णाला वेळ देणारे डॉक्टर होते. चिंतेच्या रुग्णाला आधी तो वेळ द्या, गोळी त्यानंतर लिहा.